रडीचा डाव कोणाचा?

१ फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा धावा हव्या आहेत. ऑस्ट्रेलियाचा कप्तान ग्रेग चॅपेल आपल्या धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून सरपटत सोडायला सांगतो. ट्रेव्हर सोडतो. समोरचा मॅकेकनी तो अडवतो आणि वैतागून बॅट फेकतो. त्या स्पर्धेच्या नियमांत हे बसत होतं. तरीही क्रिकेटमधल्या लाजिरवाण्या क्षणांची यादी कुणीही काढली, की हा प्रसंग वरच्या दोन-तीनांत असतोच. समालोचन करणाऱ्या रिची बेनॉने तिथल्या तिथे आपल्याच देशाच्या कप्तानाला झोडलं. थोरला भाऊ इयन चॅपेल यानेही नंतर पेपरात लिहून ग्रेगला सोडलं नाही.

१० फेब्रुवारी १९८१, तेच मैदान, समोर तोच ग्रेग चॅपेल. सुनील गावसकर ७० वर खेळतोय, चेतन चौहानबरोबर १६५ची सलामी झालेली आहे. लिलीचा चेंडू पॅडवर आदळतो, अंपायर रेक्स व्हाइटहेड बोट वर करतात. चेंडू आधी बॅटला लागलाय असं गावसकरचं म्हणणं. तो जागचा हलत नाही, लिली पॅडकडे बोट दाखवून काहीतरी बोलतो, गावसकर चालायला लागतो आणि जाता जाता चौहानलाही ढकलत बरोबर घेऊन निघतो. सीमारेषेवर मॅनेजर विंग कमांडर दुर्रानी आणि सहायक मॅनेजर बापू नाडकर्णी उभे होते. त्यांनी चौहानला दोरीच्या आतच थांबवलं. तो बाहेर पडला असता तर भारताने सामना सोडून दिला असं धरलं गेलं असतं.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. नियमात बसणारी गोष्ट जगभर कलंक ठरली. नियमात न बसणारी गोष्ट आपल्याकडे 'सनीचा स्वाभिमान' म्हणून सांगितली गेली. माझ्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी काकांनी हा किस्सा रंगवून सांगितलाय, आणि शेवट ठरलेला: मग कपिलने दुखऱ्या मांडीने पाच काढले, १४३ चा पाठलाग करणारी ऑस्ट्रेलिया ८३ ला आटोपली, मालिका १-१. जिंकलो, म्हणजे बरोबरच होतो. नाडकर्णींनी दोरीवर थांबून जे वाचवलं, त्याचा उल्लेख त्या किश्श्यात क्वचितच असतो.

स्वतः गावसकर या बाबतीत आपल्या भक्तांपेक्षा प्रामाणिक निघाले. कप्तान म्हणून असं वागायला नको होतं, हे त्यांनी नंतर कबूल केलं. मात्र कारण बदललं. आधी चर्चा चुकीच्या निर्णयाची होती. नंतरच्या वर्षांत ते सांगू लागले की भडका निर्णयाने उडाला नव्हता, परत जाताना कानावर पडलेल्या 'चालता हो' छाप शब्दांनी उडाला. दोन्ही खरं असू शकतं. पण दुसरं कारण पहिल्यापेक्षा जास्त शोभतं, हेही खरं.

ही गोष्ट मला इतकी महत्त्वाची वाटते त्याचं कारण एक वर्ष आधी वानखेडेवर आहे. फेब्रुवारी १९८०, सुवर्णमहोत्सवी कसोटी. भारताच्या २४२ ला उत्तर देताना इंग्लंड ५ बाद ५८. कपिलच्या चेंडूवर बॉब टेलरला यष्टिरक्षकाकडे झेलबाद दिलं जातं. टेलर म्हणतो, लागलाच नाही. भारताचा कप्तान गुंडप्पा विश्वनाथ स्लिपमध्ये उभा होता. तो पुढे येतो, अंपायरशी बोलतो आणि टेलरला परत बोलावतो. टेलर आणि बोथम १७१ ची भागीदारी करतात. बोथम शतक ठोकतो, सामन्यात १३ बळीही घेतो. भारत दहा गड्यांनी हरतो.

विश्वनाथ म्हणजे गावसकरांच्या बहिणीचे यजमान. एकाच घरातल्या दोन माणसांसमोर, बरोबर एका वर्षाच्या अंतराने, अंपायरच्या चुकीचा प्रश्न आला. एकाने ती चूक स्वतःच्या फायद्याची असूनही दुरुस्त केली आणि सामना गमावला. दुसऱ्याने ती आपल्याविरुद्ध आहे म्हणून सामनाच पणाला लावला. त्याच मेलबर्नच्या कसोटीत पहिल्या डावात विश्वनाथने ११४ केल्या होत्या, ज्यांच्याशिवाय कपिलच्या पाच बळींना काही अर्थ उरला नसता. आपल्या आठवणीत मात्र विशी 'साधा माणूस' म्हणून राहिला आणि सनी 'वाघ' म्हणून. मुंबई क्रिकेटला 'खडूस' या शब्दाचा केवढा अभिमान! खडूसपणा मला आवडतो. विकेट फेकायची नाही, समोरच्याला काही फुकट द्यायचं नाही, हे मस्तच आहे. पण खडूसपणाच्या पाकिटात आपण इतरही बराच माल खपवतो.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: रडीचा डाव. मजा अशी की हा शब्द कायम दुसऱ्याच्या डावाला लागतो. अंबरनाथच्या आमच्या गल्लीत बॅटिंग करणाऱ्या टीमचाच पोरगा अंपायर असायचा. कॅच मागे गेला की निर्णय 'आईशप्पथ सांग' यावर. एक टप्पा एक हात आउट, भिंतीवरून गेला की आउट आणि बॉलही आणून द्यायचा, पहिला बॉल ट्राय. (अंडरआर्मच्या तर आमच्याकडे टुर्नामेंट भरतात, ट्रेव्हर चॅपेलला इथे कुणी नावं ठेवली नसती.) त्या गल्लीत फसवणूक भरपूर होती, पण एक गोष्ट नव्हती. 'खेळभावना' या नावाचं भाषण कुणी देत नव्हतं. अंपायर आपल्या बाजूचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि पुढच्या डावात तो तुमच्या बाजूचा असणार होता.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये अंपायर तटस्थ झाले, तिसरा अंपायर आला, रिव्ह्यू आला. भाषणंही आली. 'स्पिरिट ऑफ क्रिकेट' ही प्रस्तावना नियमांच्या पुस्तकात घातली गेली ती २००० साली, कॉलिन काउड्री आणि टेड डेक्स्टर या दोन माजी इंग्लिश कप्तानांच्या आग्रहातून. म्हणजे जी परंपरा अनादि काळापासून चालत आलीय असं आपल्याला ऐकवलं जातं, ती लिखित स्वरूपात माझ्याहूनही लहान आहे.

या परंपरेचा सगळ्यात जुना भारतीय बळी विनू मंकड. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत त्याने नॉन-स्ट्रायकरला असलेल्या बिल ब्राउनला क्रीजबाहेर पकडून धावबाद केलं. त्याआधी त्याच दौऱ्यातल्या एका सामन्यात ब्राउनला इशारा देऊनही झाला होता आणि बादही करून झालं होतं. डॉन ब्रॅडमन तेव्हा ऑस्ट्रेलियाचा कप्तान. त्याने आत्मचरित्रात मंकडचीच बाजू घेतली. तरी आडनाव चिकटलं ते मंकडचं. धाव चोरणारा ब्राउन, आणि शिवी मंकडच्या नावाने. गावसकर कितीतरी वर्षं समालोचन करताना हा शब्द वापरायला विरोध करत आलेत, आणि इथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूला आहे.

पण मग आपण काय केलं बघा. २४ सप्टेंबर २०२२, लॉर्ड्स, झूलन गोस्वामीचा शेवटचा सामना. इंग्लंडची शेवटची जोडी, १७ धावा हव्यात. दीप्ती शर्मा चार्ली डीनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद करते. नियमात बसणारं, शंभर टक्के. ब्रॉड, अँडरसन आणि मंडळींनी आकांडतांडव केलं. हरमनप्रीतने तिथेच मैदानावर ठणकावलं की आम्ही नियमाबाहेर काही केलेलं नाही. विषय तिथे संपायला हवा होता. पण मायदेशी परतल्यावर दीप्तीने सांगितलं की आम्ही आधी इशारे दिले होते. इंग्लंडची हीदर नाइट म्हणाली, एकही इशारा दिला नव्हता. कोण खरं, यापेक्षा मला दुसराच प्रश्न पडतो: नियम इशारा मागतच नाही, तर इशाऱ्याची गरज का वाटली? कारण आतून आपल्यालाही ते थोडं लाजिरवाणं वाटतं. इंग्रजांचं नैतिकतेचं माप आपण नाकारतो, आणि मग त्याच मापात आपण कसे बसतो हे सिद्ध करायला धावतो. कोडच्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशनमध्ये जी अट नाही, ती पाळल्याचा पुरावा कुणी जोडत नाही. जोडला, तर अट तुम्हीच मान्य केलीत. (पुढच्याच आठवड्यात, १ ऑक्टोबरपासून, हा नियम 'अनुचित खेळ' या कलमातून काढून सरळ 'धावबाद'च्या कलमात टाकला गेला.)

साडेतीन महिन्यांनी, १० जानेवारी २०२३ ला, गुवाहाटीत शमीने श्रीलंकेच्या दासुन शनाकाला तसंच बाद केलं. शनाका ९८ वर होता. रोहित शर्माने अपील मागे घेतलं. तो इतका छान खेळला, त्याला असं बाद करायचं नव्हतं, असं तो नंतर म्हणाला. समालोचक गहिवरले. दीप्तीच्या वेळी 'नियम म्हणजे नियम' म्हणणारी मंडळी आता 'हीच खरी खेळभावना' म्हणत होती. कुणालाही यात विसंगती दिसली नाही. आणि त्या क्षणी सामना कुठे होता? भारताच्या ३७३ धावा होत्या, शेवटचं षटक चालू होतं, भारत ६७ धावांनी जिंकला. रोहितच्या मनात खोट होती असं मी म्हणत नाही. तो माणूस मैदानावर बऱ्यापैकी सरळ आहे. पण दोन चेंडूंत चार धावा हव्या असत्या तर? विश्वनाथने टेलरला परत बोलावलं तेव्हा निम्मा संघ गुंडाळलेला होता आणि सामना हातात होता. तिथे किंमत होती. गुवाहाटीत फक्त टाळ्या होत्या.

धोनीने २०११ मध्ये ट्रेंट ब्रिजला इयन बेलला चहापानानंतर परत बोलावलं, तो प्रसंग या दोहोंच्या मधला. बेल १३७ वर होता, १५९ करून गेला, भारत ३१९ धावांनी हरला. आयसीसीने त्यासाठी धोनीला दशकाचा खेळभावना पुरस्कार दिला. त्याच सामन्यात मायकेल वॉनने मात्र लक्ष्मणच्या बॅटला व्हॅसलीन लावलं होतं का, अशी शंका ट्विटरवर सोडून दिली होती. भारतीयाने सोडलं की जेंटलमन, नाबाद राहिला की व्हॅसलीन.

इंग्लंडवाल्यांवर लिहायला बसलो तर हा लेख संपणारच नाही, म्हणून थोडक्यात. २०२३ ला लॉर्ड्सवर कॅरीने बेअरस्टोला यष्टिचित केल्यावर लाँग रूममधल्या सदस्यांनी ऑस्ट्रेलियन खेळाडूंना शिव्या घातल्या. बेअरस्टोने स्वतः त्याच सामन्यात लबुशेनवर तोच डाव टाकून पाहिला होता. ब्रॉड कॅरीला म्हणाला की तुला लोक फक्त यासाठी लक्षात ठेवतील. हा तोच ब्रॉड, जो २०१३ मध्ये स्लिपमध्ये झेल गेल्यावर ढिम्म उभा राहिला होता. प्रशिक्षक मॅक्युलमही नाराज होता. त्याने २००६ ला क्राइस्टचर्चमध्ये संगकाराचं शतक झाल्यावर त्याला शुभेच्छा द्यायला क्रीज सोडून गेलेल्या मुरलीधरनला धावबाद केलं होतं. मॅक्युलमने निदान २०१६ मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पुढे २०२५ मध्ये मँचेस्टरला जडेजा आणि सुंदर शतकांच्या जवळ असताना स्टोक्सला हात मिळवून घरी जायची घाई झाली. जडेजा नाही म्हणाला, तर चेंडू हॅरी ब्रुकच्या हातात आणि टोमणे माइकवर. दोघांनीही शतकं पूर्ण केली. खडूसपणा म्हणतात तो हा.

पण माझी खरी तक्रार खेळाडूंबद्दल नाही. खेळाडू तापलेला असतो, त्याच्याकडे दोन सेकंद असतात. समालोचकाकडे रिप्ले असतो, एसी असतो, वीस वर्षांचा अनुभव असतो. आणि कॉन्ट्रॅक्ट असतं.

आमच्याकडे रात्रीच्या टेनिस बॉल टुर्नामेंट होतात. हॅलोजन, मंडप, यूट्यूबवर लाइव्ह. माइकवरचा माणूस अफाट बोलतो, आगरी-मराठी-हिंदीची मिसळ, बॉल हवेत असतानाच शेर. दर ओव्हरला तो आयोजकांचं, 'आपले लाडके' अमुक भाऊंचं नाव घेतो. भाऊंच्या टीमला नो-बॉल दिला गेला, तर माइकवर शांतता. कुणाला वाईट वाटत नाही, कारण मंडप भाऊंचा आहे हे कापडावरच लिहिलेलं असतं. बीसीसीआयचा मंडप असाच आहे, फक्त कापडावर लिहिलेलं नसतं. २०१३ मध्ये इयन चॅपेलने भारतातल्या मालिकेच्या समालोचनाला नकार दिला, कारण निवड, प्रशासन आणि रिव्ह्यू या विषयांवर बोलायचं नाही अशी अट होती. भावालाही न सोडणारा माणूस. त्याने काम सोडलं. २०१६ मध्ये अमिताभ बच्चननी ट्वीट केलं की भारतीय समालोचकाने आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं, धोनीने त्याला दुजोरा दिला, आणि काही दिवसांनी आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले पॅनेलमधून गायब. कारण जाहीर झालं नाही. २०२० ला संजय मांजरेकरांचं तेच झालं. २०१७ मध्ये रामचंद्र गुहांनी प्रशासक समितीचा राजीनामा देताना लिहिलं की गावसकर खेळाडूंचं व्यवस्थापन करणारी कंपनी चालवतात आणि त्याच खेळाडूंवर समालोचनही करतात. यावर समालोचन कक्षातून काय चर्चा झाली? दव पडलंय, चेंडू ओला होतोय.

मांजरेकर मला नेहमीच पटतात असं नाही. जडेजाला 'तुकड्या-तुकड्यांचा खेळाडू' म्हणणं आणि इडन गार्डन्सला भोगल्यांना 'तुम्ही कुठे खेळलात' छाप टोला मारणं, दोन्ही भिकार होतं. पण १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी लोक हार्दिक पंड्याची हुर्यो उडवत होते, तेव्हा माइक हातात घेऊन हाच माणूस प्रेक्षकांना नीट वागायला सांगू शकला. प्रेक्षकांना सुनावणं हे समालोचनातलं सगळ्यात धोक्याचं काम, कारण प्रेक्षक म्हणजे गिऱ्हाईक. तीन महिन्यांनी, ४ जुलैला, विश्वचषक घेऊन संघ आला तेव्हा त्याच वानखेडेने 'हार्दिक, हार्दिक' करून आभाळ डोक्यावर घेतलं.

वानखेडेचा आणखी एक दिवस आहे जो आपण विसरून गेलोय. १७ ऑक्टोबर २००७. बडोदा आणि नागपूरच्या सामन्यांनंतर मुंबईतही प्रेक्षकांनी अँड्र्यू सायमंड्सकडे बघून माकडाचे हावभाव केले. फोटो छापून आले. अडीच महिन्यांनी सिडनी कसोटीत हरभजनवर तोच शब्द वापरल्याचा आरोप झाला. तो आईवरून दिलेली हिंदी शिवी होती असा बचाव झाला आणि शेवटी शिवीगाळीचा दंड होऊन प्रकरण मिटलं. तिथल्या अंपायरिंगने आपल्यावर अन्याय केला, पाँटिंगचा संघ उद्दाम होता, कुंबळेने 'एकच संघ खेळाच्या भावनेने खेळत होता' असं म्हटलं ते योग्यच होतं. पण हरभजन काय म्हणाला यावर महिनाभर भाषाशास्त्र चालवणाऱ्या आपल्या स्टुडिओंना वानखेडेचे फोटो आठवले नाहीत.

आपल्या देवाबद्दल बोललं की कमेंट सेक्शन पेटतं, तरी बोलतो. नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला सामनाधिकारी माइक डेनेस यांनी सचिनला दंड केला. आरोप मोघम होते, पण मुद्दा इतकाच होता की चेंडूच्या शिवणीतलं गवत त्याने अंपायरला न सांगता काढलं. छोटी तांत्रिक चूक. आपण पुतळे जाळले, आणि बोर्डाने डेनेसशिवाय पुढचा सामना खेळवला, जो आयसीसीने अधिकृत मानला नाही. २०१८ ला केपटाउनमध्ये ऑस्ट्रेलियन खेळाडू सँडपेपर घेऊन सापडले. गवत आणि सँडपेपर एक नव्हे, हे मला कळतं. पण सचिनबाबत 'तो असं करूच शकत नाही' हा आपला एकमेव युक्तिवाद होता. नियम काय म्हणतो हे कुणी वाचूनच पाहिलं नाही.

आणि सप्टेंबर २०२५, दुबई. पाकिस्तानशी हस्तांदोलन नाही. पहलगाममध्ये मारल्या गेलेल्यांत डोंबिवलीचे तिघं होते, अंबरनाथहून पाच स्टेशनं. त्या रात्री स्टेशनबाहेर किती शुकसुकाट होता, ते आम्ही पाहिलंय. म्हणूनच विचारतो: निषेध करायचा होता तर सामना का खेळलात? जुलैमध्ये निवृत्त खेळाडूंच्या स्पर्धेत युवराजच्या संघाने पाकिस्तानविरुद्ध मैदानात उतरायलाच नकार दिला, उपांत्य सामनासुद्धा सोडला. बोर्डाने मात्र पूर्ण सामना खेळवला, सगळ्या जाहिराती दाखवल्या, आणि निषेधाचं ओझं सूर्यकुमारच्या उजव्या हातावर टाकलं. समालोचकांपैकी हे कुणी विचारलं असेल तर ते जाहिरातींत वाहून गेलं.

डोंबिवलीचं नाव निघालंच आहे, तर रहाणे. जानेवारी २०२१, सिडनी. सीमारेषेवर सिराजला प्रेक्षकांतून वांशिक शिव्या पडतात. सिराज कप्तानाला सांगतो, रहाणे अंपायरना सांगतो, खेळ थांबतो. सिराजने नंतर सांगितलं की अंपायरनी मैदान सोडायचा पर्याय दिला होता. रहाणे म्हणाला, आम्ही काही चुकीचं केलेलं नाही, आम्ही खेळणार. त्यांना बाहेर काढा. सहा प्रेक्षक बाहेर काढले गेले. १९८१ मध्ये गावसकरला जे ऐकावं लागलं असेल त्याहून वाईट सिराजला ऐकावं लागलं होतं. या वेळी दोरीवर कुणी मॅनेजर उभा करावा लागला नाही.

त्याच रहाणेने सप्टेंबर २०२२ मध्ये कोइंबतूरला दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात, दक्षिण विभागाच्या रवी तेजाला सतत डिवचणाऱ्या यशस्वी जैस्वालला, म्हणजे आपल्याच संघातल्या पोराला, मैदानाबाहेर काढलं. वेस्ट झोन सामना जिंकतच होती, २९४ धावांनी जिंकली, त्यामुळे इथेही किंमत फार मोजावी लागली नाही. पण बदली खेळाडू आला नाही आणि काही षटकं संघ दहा जणांत खेळला. जैस्वालने दुसऱ्या डावात २६५ केल्या होत्या. सामनावीर तोच ठरला.